काळ्यावरची चमक

१८५५ साली लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने एक समिती नेमली. काम काय, तर फोटो फिके का पडतात ते शोधायचे! राणी व्हिक्टोरियाचे यजमान प्रिन्स अल्बर्ट यांनी त्यासाठी पन्नास पौंड दिले. फोटोग्राफी जगजाहीर होऊन तेव्हा जेमतेम सोळा वर्षे झाली होती आणि सुरुवातीची चित्रे लोकांच्या डोळ्यांदेखत पिवळी पडत होती. (आपल्या मुंबईतली फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची, हे जाता जाता.) समितीने बोट दाखवले ते नीट न धुतलेल्या हायपोकडे, गंधकाकडे आणि दमट हवेकडे. फोटो भरपूर धुवा, सोन्याच्या द्रावणातून काढा, कोरडे ठेवा, असे तिने सांगितले. शिवाय रबर, गटापर्चा, मेण किंवा वार्निश यांचा थर देऊन पाहावा, अशीही एक सूचना केली.

ही सूचना मला आत्ता आठवण्याचे कारण घरचे आहे. आमच्या आईचा एकच फोटो शिल्लक आहे, स्टुडिओतला, कृष्णधवल. निगेटिव्ह केव्हाच गेली. भाच्याने तो स्कॅन करून इंकजेटवर सहा प्रती काढल्या. आता नातेवाइकांत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, प्रतींवर चकचकीत कोटिंग करा. दुसरा म्हणतो, मूळ फोटोवरही मारून टाका, म्हणजे तो टिकेल. मी जुना मास्तर, त्यामुळे आधी वाचायला बसलो.

जुन्या फोटोत चांदीचे कण जिलेटिनच्या थराच्या आत असतात. ओला फोटो चकचकीत पत्र्यावर उलटा चिकटवून वाळवला की ते जिलेटिनच आरशासारखे चमके. इंकजेटचे तसे नाही. तिथे शाई वरून पडते. डाय म्हणजे विरघळणारी शाई असेल तर ती कागदाच्या लेपात मुरते, आणि लेप सच्छिद्र असेल तर हवेतला ओझोनही तिच्यामागून आत शिरतो. २००० साली एका नामांकित कंपनीच्या नव्या प्रिंटरवरचे फोटो काही घरांत थोड्याच दिवसांत नारिंगी झाले, ते यामुळेच. पिगमेंट शाई टिकाऊ असते, पण तिचे कण पृष्ठभागावर बसून राहतात. मग चकचकीत कागदावर शाईचा भाग आणि कोरा भाग यांची चमक वेगळी दिसते. फोटो तिरपा धरला की काळ्या केसांवर पितळेसारखी झाक येते. रंगीत फोटोत हे खपून जाते, कृष्णधवल फोटोत मात्र डोळ्यांना टोचते.

मॅट कागदावर छापले तर हा त्रास नाही, पण काळा उतरतो. चांगल्या मॅट कागदावरचा काळा साधारण दोन टक्के प्रकाश परत पाठवतो, तर चकचकीत कागदावरचा जवळपास अर्धा टक्का. आईच्या नऊवारीच्या गडद चुण्या दिसणे न दिसणे या दीड टक्क्यावर आहे.

इंकजेटवर कलेचे फोटो छापण्याची सुरुवात गायक ग्रॅहम नॅश यांच्यापासून मानतात. त्यांचीही गोष्ट आमच्यासारखीच, निगेटिव्ह हरवलेल्या आणि हाती फक्त छोटे कॉन्टॅक्ट प्रिंट. त्यांनी आयरिस नावाचे सव्वा लाख डॉलरचे यंत्र घेतले आणि १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात छपाईची संस्था काढली. ते यंत्र मुळात छापखान्यातल्या नमुना प्रतींसाठी होते. पाण्याचा थेंब पडला तर त्याची शाई ओघळे, म्हणून आयरिसच्या प्रिंटवर संरक्षक थर देण्याची पद्धत पडली. पुढे २००४ मध्ये एप्सनने आर८०० प्रिंटरमध्ये रंगहीन शाईचीच एक टाकी बसवली. एचपीने २००६ मध्ये तेच केले. कोटिंग आता यंत्राच्या पोटात गेले!

पण थर कायमचा चांगला राहतो असे नाही. अमेरिकेचे पॉल स्ट्रँड आपल्या फोटोंना वार्निश लावत. १९४० च्या मेक्सिकोच्या संचातल्या छापील चित्रांनाही त्यांनी लाखेसारखा थर दिला होता, काळा खोल दिसावा म्हणून. अशी वार्निशे वयपरत्वे पिवळी पडतात आणि खालच्या चित्राला धक्का न लावता काढणे अवघड असते. अमेरिकेतल्या जतनतज्ज्ञांनी २००५ मध्ये फोटोंवरच्या थरांवर एक अख्खा ग्रंथ काढला, यावरून प्रकरण किती गुंतागुंतीचे आहे ते समजावे.

तेव्हा माझा निर्णय असा. मूळ फोटोला कोणीही हात लावणार नाही. तो आम्लरहित कागदात, कोरड्या कपाटात राहील. सहापैकी पाच प्रतींवर फवारा मारू, म्हणजे आईचे केस काळेच दिसतील. सहावी प्रत तशीच ठेवू, उद्या कोणाला ताडून पाहायची झाली तर. शाई वाळायला निदान एक दिवस द्यायचा, मग दोन-तीन पातळ हात, प्रत्येक वेळी कागद फिरवून. दमट हवेत मारले तर लाखेवर दुधासारखा पांढरा पडदा येतो, म्हणून पावसाळा संपेपर्यंत डबा उघडणार नाही. नाशिक आणि बडोद्याच्या मंडळींना प्रती दिवाळीनंतर मिळतील. कृपया त्याआधी फोन करू नयेत!