सावित्रीची खाडी आणि महाडहून निघालेल्या दोन वाटा

सुट्ट्या लागल्या की मुंबई-पुण्याच्या गाड्या हरिहरेश्वर, श्रीवर्धन आणि वेळासच्या दिशेने धावू लागतात. कोणी देवदर्शनाला जातो, कोणी समुद्रस्नानाला, तर कोणी वेळासच्या पुळणीवर कासवांची पिल्ले पाण्यात शिरताना पाहायला. बागमांडल्याहून वेसवीला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी चढवून सावित्रीची खाडी ओलांडली जाते. त्या खाडीच्या मुखाशी, दक्षिण काठावरच्या टेकडीवर, बाणकोटचा किल्ला आहे. खाडीतून वर निघाले की दासगाव लागते, पुढे महाड येते आणि महाडच्या पाठीशी रायगड उभा असतो.

जगात काही किनारे असे आहेत की तिथे येणारा माणूस समुद्र आणि युद्धाचा इतिहास एकाच फेरीत पाहून जातो. फिलिपिन्सच्या लेते प्रांतात पालो या गावी दुसऱ्या महायुद्धात, २० ऑक्टोबर १९४४ रोजी, अमेरिकेचा जनरल मॅकआर्थर किनाऱ्यावर उतरला. आज त्या जागी पाण्यात उभे केलेले पुतळे आहेत. सावित्रीच्या खाडीचाही असा युद्धकालीन इतिहास आहे, पण तो एका जागी दिसत नाही. त्याची सुरुवात बाणकोटला समुद्राच्या तोंडावर होते, मधला भाग महाडच्या पेठेत घडतो आणि शेवट रायगडाच्या माथ्यावर होतो. पुरावाही असाच विखुरलेला आहे. तो मिळतो कंपनी आणि पेशवे यांच्यातील तहांत, वेलस्लीच्या पत्रव्यवहारात, जेम्स फोर्ब्जच्या आठवणींत, ग्रँट डफच्या १८२६ च्या इतिहासात आणि कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये. हे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले की या खाडीची १७५५ ते १८१८ ही त्रेसष्ट वर्षे एका सूत्रात येतात.

पहिला कागद तहाचा आहे. मार्च १७५५ मध्ये नानासाहेब पेशव्याने कोकणातला आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे याच्याविरुद्ध ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. पेशव्याच्या बाजूने हे काम रामाजी महादेव बिवलकर पाहत होता. कमोडोर जेम्सचे आरमार मार्चअखेर मुंबईहून निघाले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुवर्णदुर्ग पडला आणि ८ एप्रिलला बाणकोट कंपनीच्या हाती आले. सुवर्णदुर्ग मराठ्यांना मिळाला, बाणकोट मात्र कंपनीने ठेवून घेतले आणि किल्ल्याला व्हिक्टोरिया हे नाव दिले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाईव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. तो मराठ्यांच्या हवाली करावा की नाही यावर बरीच ओढाताण झाली आणि अखेर १२ ऑक्टोबर १७५६ च्या तहाने हिशेब मिटला. विजयदुर्ग पेशव्याकडे आला. बाणकोट, आसपासची गावे आणि दासगाव कायमचे कंपनीकडे गेले.

या तहातील दासगावच्या उल्लेखाकडे सहसा लक्ष जात नाही. दासगाव समुद्रकाठी नाही, खाडीतून बरेच वर, महाडच्या अगदी जवळ आहे. मोठी गलबते दासगावपर्यंत येत आणि तिथून भरतीच्या पाण्यावर लहान होड्या महाड गाठत. म्हणजे १७५६ मध्ये कंपनीला खाडीचे मुख मिळाले आणि आतला धक्काही मिळाला. घाटावरचा माल जिथे गलबतावर चढायचा, त्या महाडच्या पेठेच्या दाराशी परके ठाणे बसले. पेशव्याच्या दृष्टीने तुळाजीचा बंदोबस्त ही त्या घटकेची गरज होती आणि विजयदुर्गासारखा किल्ला परत मिळवणे हा मोठा लाभ होता. बाणकोट देऊन आपण काय देत आहोत, याची चिंता तहाच्या शब्दांत कुठे उमटलेली नाही.

पंधरा वर्षांनी, १७७१ मध्ये, कंपनीचा नोकर जेम्स फोर्ब्ज याच मार्गाने बाणकोटहून दासगावला आला. महाडजवळ सव येथे गरम पाण्याची कुंडे आहेत. या परिसरात तो राहिला. त्याच्या आठवणी १८१३ मध्ये ग्रंथरूपाने छापल्या गेल्या. महाड त्याला तटबंदीचे, मोठे आणि भरवस्तीचे गाव दिसले. कंपनीचा माणूस विश्रांतीसाठी खाडीतून इतक्या आत येतो आणि निवांत राहतो, यावरून एवढे नक्की म्हणता येते की १७७१ पर्यंत या पाण्यावरचा इंग्रजांचा वावर सवयीचा झाला होता.

आता महाडकडे वळू. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव वारला आणि गादीचा प्रश्न उभा राहिला. परशुरामभाऊ पटवर्धनाने चिमाजी आप्पाला यशोदाबाईच्या मांडीवर दत्तक देऊन पेशवाईची वस्त्रे देवविली. दौलतराव शिंद्याचा कारभारी बाळोबा तात्या पागनीस या कटात होता. नाना फडणवीसाला आपल्या जिवाचा भरवसा उरला नाही. वाईहून तो घाट उतरून कोकणात आला. ग्रँट डफच्या वृत्तांतात त्याच्या हालचालींचा क्रम स्पष्ट आहे. पाठीमागच्या घाटवाटा त्याने अडवल्या, प्रतापगडावर मजबूत शिबंदी ठेवली, महाड गाठले आणि रायगड लढता राहील अशी तयारी केली.

नकाशा पुढे ठेवला की या क्रमातील शहाणपण कळते. वाईकडून उतरणारी फौज पारघाटाने पोलादपूरच्या खोऱ्यात येणार आणि त्या वाटेच्या डोक्यावर प्रतापगड आहे. तो अडला तर महाड सुरक्षित. महाडही पडले तर जवळच रायगड. आणि रायगडही सोडावा लागला तर खाडीची वाट समुद्राकडे जाते. खाडीच्या मुखापाशीच वेळास आहे, ते फडणवीसांचे मूळ गाव. तिथे कंपनीचे ठाणे आहे, हे नानाला सांगण्याची गरज नव्हती.

मराठी इतिहासलेखनात या महिन्यांना ‘महाडचे कारस्थान’ म्हणतात. महाडला बसून नानाने पैसा आणि शब्द दोन्ही खर्च केले. दौलतराव शिंद्याला मुलूख आणि पैशाचे वचन देऊन बाळोबापासून फोडले. नागपूरकर भोसले आणि तुकोजी होळकर यांना आपल्याकडे वळवले. निजामाशी ८ ऑक्टोबर १७९६ रोजी जो करार झाला तो ‘महाडचा तह’ म्हणून ओळखला जातो. दीडच वर्षापूर्वी, मार्च १७९५ मध्ये, खर्ड्याच्या लढाईत जिंकलेला मुलूख या तहाने निजामाला परत करण्याचे ठरले. किंमत भारी होती आणि मराठी दौलतीने ती भोगली. पण हा सारा व्यवहार हिंदुस्थानातल्या दरबारांशी होता. ऑक्टोबरअखेर शिंद्याने बाळोबाला कैद केले, नाना घाट चढून पुण्याला परतला आणि डिसेंबर १७९६ मध्ये चिमाजी आप्पाचा थोरला भाऊ बाजीराव रघुनाथ पेशवा झाला. खाडीची वाट मोकळी असूनही नानाने तिच्यावर पाऊल ठेवले नाही.

सहाच वर्षांनी महाडने दुसरा पाहुणा पाहिला. नानाने ज्याला गादीवर बसवले तो बाजीरावच या वेळी पळत आला होता. नाना मार्च १८०० मध्ये वारला होता. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, दिवाळीच्या दिवसांत, पुण्याजवळ हडपसरला यशवंतराव होळकराने पेशवा आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव सिंहगडावर गेला, तिथून रायगडाकडे आणि मग महाडला उतरला. महाडहून त्याने मुंबईच्या इंग्रज सरकारकडे जहाजे मागितली. त्या वेळी मुंबईचा गव्हर्नर जोनाथन डंकन होता. पुढे बाजीराव सुवर्णदुर्गाला गेला आणि इंग्रजांनी पाठवलेल्या जहाजातून डिसेंबरमध्ये वसईला पोहोचला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. कंपनीची किमान सहा हजारांची तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख ही त्यातली मुख्य कलमे.

या घटनेचा अर्थ लावताना एक चूक टाळली पाहिजे. हतबल होऊन महाडला बसलेल्या पेशव्याने तिथे इंग्रजांचा आश्रय घ्यायचे ठरवले, असे चित्र डोळ्यांसमोर सहज उभे राहते. कागद तसे सांगत नाहीत. पुण्याचा रेसिडेंट बॅरी क्लोज याच्या पत्रव्यवहारावरून दिसते की तैनाती फौज घेण्याची तयारी दाखवणारा कागद पेशव्याच्या बाजूने हडपसरच्या लढाईच्याच दिवशी त्याच्या हाती पडला होता. निर्णय पुण्यात झाला होता. महाडने फक्त तो अमलात आणण्याची वाट दिली, आणि त्या वाटेच्या तोंडाशी कंपनीचे निशाण ४७ वर्षे आधीच लागले होते.

१७९६ आणि १८०२ या दोन वर्षांची कागदपत्रे एकत्र वाचली की महाडचे महत्त्व कळते. जागा तीच, पाठीशी रायगड तोच, पुढे खाडी तीच. संकटही सारखेच होते, पुणे शत्रूच्या हाती गेलेले. महाडहून घाटमाथ्याकडे एक वाट जाते आणि समुद्राकडे दुसरी. नानाने पहिली धरली, बाजीरावाने दुसरी. भूगोलाने दोघांनाही सारखीच संधी दिली होती, निवड माणसांनी केली. कोकणच्या भूगोलामुळे मराठी सत्ता इंग्रजांच्या कह्यात गेली, हे मत म्हणूनच मला मान्य नाही.

शेवटचा अंक १८१८ चा. जानेवारीपासून कर्नल प्रॉथर उत्तर कोकणातील किल्ले एकामागून एक घेत होता. एप्रिलमध्ये तो माणगावजवळच्या इंदापूरवरून महाडकडे आला आणि २४ एप्रिलच्या सुमारास महाड व रायगडाचा पायथा त्याच्या ताब्यात गेला. गडावर बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती आणि शिबंदीत अरबांचा भरणा होता. इंग्रजांनी उखळी तोफांचा मारा सुरू केला. गोळ्यांनी गडावर आग लागली, वाडे जळाले आणि १० मे १८१८ रोजी गड स्वाधीन झाला. पाच लाखांची रोकड सापडल्याची नोंद आहे. इथेही पुराव्याच्या पुढे जाता येत नाही. बाणकोटची खाडी इंग्रजांकडे होती म्हणून रायगड पडला, असे म्हणणे नाट्यमय होईल, पण प्रॉथर उत्तरेकडून जमिनीच्या वाटेने आला होता. खाडीचे महत्त्व १८०२ मध्ये निर्णायक ठरले. १८१८ मध्ये जे उरले होते ते त्या निर्णयाचे फळ होते. गड पडल्यावर महिनाभराच्या आत बाजीरावाने इंग्रज अधिकारी माल्कम याच्यापुढे शरणागती पत्करली आणि आठ लाखांच्या तनख्यावर तो बिठूरला गेला. नव्याने केलेल्या दक्षिण कोकण जिल्ह्याचे ठाणे इंग्रजांनी प्रथम बाणकोटलाच ठेवले. १८२२ मध्ये ते रत्नागिरीला हलले.

त्या जळलेल्या वाड्यांबरोबर गडावरचे किती दप्तर गेले असेल याचा विचार केला की मन उदास होते. तरीही सगळे गेलेले नाही. शां. वि. आवळसकरांनी ‘रायगडची जीवनकथा’ लिहिताना पेशवे दप्तरातल्या कागदांतून गडाचा पेशवाईतील कारभार उभा केला. महाडच्या पेठेचा आणि सावित्रीच्या खाडीतल्या व्यापाराचा असा स्वतंत्र अभ्यास व्हायला हवा. त्यासाठी लागणारे मोडी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत, तसे ते महाड, बिरवाडी, पोलादपूर, दासगाव इथल्या जुन्या घरांतही असू शकतात. सनदा, वहिवाटीचे कागद, व्यापाऱ्यांच्या वह्या, जकातीच्या पावत्या. आज त्यांचा मोठा शत्रू पूर आहे. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेले होते आणि सावित्री-गांधारीचे पाणी पुन्हा येणार हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

म्हणून दोन विनंत्या. पुढच्या वेळी हरिहरेश्वर-वेळासला जाल तेव्हा एक दिवस खाडीला द्या. बाणकोटचा किल्ला पाहा, दासगावला थांबा, महाडला या, रायगड चढा आणि पोलादपूरमार्गे प्रतापगडाखालून घाट चढून परत जा. पुस्तकात जे चार ठिकाणी विखुरलेले आहे ते जमिनीवर एका दिशेने वाचता येईल. आणि या खोऱ्यात ज्यांची जुनी घरे आहेत त्यांना कळकळीने सांगणे आहे. पेटीतले, फडताळातले कागद वाचता येत नाहीत म्हणून टाकून देऊ नका आणि तळमजल्यावर ठेवू नका. त्यांची छायाचित्रे घ्या, एक प्रत भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेकडे पोहोचवा. मूळ कागद तुमच्याच घरी राहू द्या. खाडीच्या या इतिहासातील आज माहीत असलेला बहुतेक भाग इंग्रजांच्या लेखणीतून आला आहे. महाडची बाजू महाडच्या कागदांतूनच लिहिली गेली पाहिजे.