विरळ हवेचे दप्तर

इ. स. 1534 च्या अखेरीस पेरू देशातील हाउहा या गावी स्पॅनिश वसाहतवाल्यांनी आपल्या नगरसभेपुढे जो महजर केला, त्यातील बहुतेक तक्रारी कोणत्याही नव्या वसाहतीच्या दप्तरात सापडाव्यात अशाच आहेत : थंडी फार, सरपण मिळत नाही, समुद्र दूर. परंतु त्यांच्याच जोडीने आणखी एक तक्रार नोंदलेली आहे, की येथे डुकरे, घोड्या आणि कोंबड्या यांची वीण जगत नाही. फ्रान्सिस्को पिझारोने सुमारे 3,400 मीटर उंचीवरील या गावाला आपल्या हुकुमतीची राजधानी ठरविले होते. ते त्याने सोडले आणि 1535 च्या जानेवारीत समुद्राजवळ लिमा शहर वसविले. राजधानी हलविण्याच्या सरकारी कारणांत कोंबडीच्या पिलांनी स्थान मिळवावे, ही नोंद मला फार मोलाची वाटते. परमुलखात गेलेला मनुष्य आजारी पडला, की आपल्याकडील वडीलधारी मंडळी ‘तिथली हवा मानवली नाही’ असे म्हणतात. त्या वाक्प्रचाराचा शास्त्रीय अर्थ जगाला कळण्यास जी साडेतीनशे वर्षे लागली, त्यांचा आरंभ या महजरात आहे.

अँडीज पर्वतातील मूळ रहिवाशांना ही गोष्ट ठाऊक होती. इंका राजे एका प्रांतातील कुटुंबे उठवून दुसऱ्या प्रांतात वसवीत, तेव्हा शक्यतो मूळ ठिकाणासारख्याच हवापाण्याचा मुलूख त्यांना नेमून देत, असे जुने बखरकार लिहितात. नवख्या युरोपीयांना मात्र हा धडा स्वतःच्या शरीरावर गिरवावा लागला. होसे दे आकोस्ता हा येशूसंघीय धर्मगुरू 1572 मध्ये पेरूत पोहोचला. पुढे पारियाकाकाचा घाट चढत असता त्याला अशा उलट्या झाल्या, की प्रथम अन्न, मग कफ, मग पिवळे-हिरवे पित्त आणि शेवटी रक्तही पडले. बरोबरच्या माणसांपैकी कोणी जमिनीवर लोळू लागले, तर कोणी मरणघटका आली असे समजून पापनिवेदनासाठी धर्मगुरूची याचना करू लागले. आणि तीनचार तासांनी सखल जागी उतरताच सारे जण पुन्हा धडधाकट झाले. 1590 मध्ये सेव्हिल येथे छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने निष्कर्ष काढला, की त्या स्थळीची हवा मनुष्याच्या श्वसनाला पुरेल इतकी दाट नाही. हवेला वजन असते हे सिद्ध होण्यापूर्वीचे हे अनुमान आहे. पण तिकडच्या सामान्य लोकांचा विश्वास निराळा होता. डोंगराच्या पोटातील धातूंच्या वाफा अंगाला बाधतात, असे ते मानीत. त्यामुळे या आजाराला काही भागांत ‘वेता’, म्हणजे धातूची शीर, असेच नाव पडले.

या साऱ्या कथेचे मर्मस्थान मला पोटोसी वाटते. 1545 मध्ये तेथील लालसर, शंकूच्या आकाराच्या डोंगरात रुपे सापडले आणि सुमारे 4,000 मीटर उंचीवर, जेथे झाडझाडोरा जवळजवळ नाही, तेथे पाऊण शतकाच्या आत दीड लाख वस्तीचे शहर उभे राहिले. सुभ्यासुभ्यांतून दर सात पुरुषांमागे एक या हिशेबाने वेठीला धरून आणलेले सुमारे 13 हजार मजूर दरसाल या डोंगराच्या कामी लावले जात. तोंडात कोकाची पाने धरून ही माणसे विवरातून वर येत, तेव्हा त्यांच्या छातीचा भाता कसा चालत असेल याची कल्पनाही करवत नाही. आणि ज्या रुप्याने युरोपातील राजांची कर्जे फिटली, त्यातील प्रत्येक तोळ्यामागे किती श्वास खर्ची पडले, हे कोणत्याही जमाखर्चात लिहिलेले नाही.

लिहिलेले आहे ते दुसरे. आंतोनियो दे ला कालांचा या मठवासी बखरकाराने नोंदविले आहे, की पोटोसीत स्पॅनिश आईबापांच्या पोटी जन्मलेली मुले जन्मतःच किंवा पंधरवड्याच्या आत दगावत, म्हणून गर्भवती स्त्रिया प्रसूतीसाठी खालच्या उबदार खोऱ्यांत उतरत; आणि शहर वसल्यानंतर तब्बल 53 वर्षांनी, 1598 च्या नाताळाच्या आदल्या रात्री जन्मलेले मूल प्रथमच जगले, तेही एका संताला केलेल्या नवसामुळे. त्या अर्धशतकात किती आया डोंगर उतरून गेल्या आणि किती जणींना तेवढा अवकाशही मिळाला नाही, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. याच शहरात मूळ रहिवासी स्त्रियांची मुले मात्र जगत होती. बर्नाबे कोबो या येशूसंघीयाने 1653 मध्ये पुऱ्या केलेल्या ग्रंथात या विरोधाकडे नेमके बोट ठेवले आहे : उबेत गुंडाळलेली स्पॅनिश बालके मरतात आणि अपुऱ्या वस्त्रांतील देशी बालके वाढतात, तेव्हा दोष केवळ थंडीचा कसा असेल? ज्यांच्या अंगी थोडे तरी देशी रक्त आहे ती मुले अधिक तगतात, हेही त्याने पाहिले होते. आजच्या वैद्यकाला हे पटते. अशा उंचीवर गर्भाचे वजन घटते. पण शेकडो पिढ्या तेथे काढलेल्या कुळांतील गर्भवतीच्या गर्भाशयाकडे रक्ताचा ओघ अधिक राहतो आणि ती घट कमी होते.

कारण शोधून काढले ते पॉल बेर या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने. पर्वतावर काय आणि समुद्रकिनारी काय, हवेतील प्राणवायूचे प्रमाण 21 टक्केच असते. उणा होतो तो दाब, आणि पोटोसीच्या उंचीवर प्रत्येक श्वासात समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-पंचमांश एवढाच प्राणवायू पदरात पडतो. लोखंडी कोठीत स्वतःला कोंडून घेऊन त्याने हे पडताळले आणि 1878 मध्ये ग्रंथरूपाने मांडले. तत्पूर्वी, 15 एप्रिल 1875 रोजी, ‘झेनिथ’ नावाच्या विमान-फुग्यातून तिसांदिए, सिव्हेल आणि क्रोसे-स्पिनेली हे तिघे आकाशात चढले. बरोबर नेलेला प्राणवायू पुरणार नाही, असे बेरने त्यांना पत्राने कळविले होते. ते पत्र उशिरा पोहोचले. आठ हजार मीटरांवर प्राणवायूची नळी तोंडात धरावी असे तिसांदिएला वाटले, पण हात उचलेना. सोबत्यांना हाक मारावी, तर जीभ हलेना. आणि तो शुद्धीवर आला तेव्हा दोघेही मरून पडले होते.

यानंतर कथा पुन्हा अँडीजकडे वळते. 1890 मध्ये फ्रान्स्वा व्हियो हा फ्रेंच शास्त्रज्ञ मोरोकोचाच्या खाणीवर जाऊन राहिला आणि स्वतःच्याच रक्तातील तांबड्या पेशी त्याने मोजल्या. लिमात घन मिलिमीटरमागे सुमारे 50 लाख असलेली संख्या तीन आठवड्यांत 70 लाखांच्या पुढे गेली होती. शरीर विरळ हवेची भरपाई रक्त दाट करून घेते. परंतु ही भरपाई काहींच्या बाबतीत मर्यादा सोडते. सेरो दे पास्को हे सुमारे 4,300 मीटर उंचीवरील खाणगाव. तेथे वर्षानुवर्षे राहिलेल्या एखाद्या मनुष्याचे ओठ जांभळे, डोळे तांबारलेले, डोके जड आणि झोप नाहीशी, अशी अवस्था होते. 1925 मध्ये लिमाच्या कार्लोस मोंहे या वैद्याने असा रोगी वैद्यक-अकादमीपुढे मांडला, आणि डोंगर उतरून समुद्रसपाटीवर आणले की हा रोगी सुधारतो, हे पुढे दाखवून दिले. त्याच सुमारास केंब्रिजच्या जोसेफ बारक्रॉफ्टने, रेल्वेच्या डब्यात प्रयोगशाळा थाटून त्याच गावी केलेल्या निरीक्षणांवरून, उंचावरील सर्वच रहिवासी शरीराने व बुद्धीने उणे असतात, असा शेरा मारला. थोडे आठवडे राहून, स्वतः धापा टाकीत, एका अख्ख्या लोकसमूहाविषयी दिलेला हा निकाल अन्यायाचाच होता, असे माझे स्पष्ट मत आहे. मोंहेने त्याला उत्तर देण्यात आयुष्य वेचले. आणि त्यासाठी त्याने रक्ताच्या तपासणीबरोबर जुनी दप्तरेही उलगडली, ज्यांत हाउहाचा महजर होता.

त्या हाउहाचे पुढे काय झाले, हे सांगितलेच पाहिजे. एकोणिसाव्या शतकात लिमातील क्षयरोगी, डोलीत किंवा खेचरावर बसून, पर्वत ओलांडून तेथेच हवापालटासाठी जाऊ लागले, आणि 1922 च्या सुमारास तेथे मोठे आरोग्यधामही उभे राहिले. आपल्याकडे डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी 1912 मध्ये पाचगणीस बेल-एअर काढले ते याच समजुतीच्या काळात. मात्र पाचगणीची उंची सुमारे 1,300 मीटर, तेथे प्राणवायूची घट जेमतेम एक-सप्तमांश, तेव्हा तेथील रोग्यांना गुण आला तो मुख्यतः विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा यांचा मानावा लागेल. हाउहाची गोष्ट थोडी वेगळी असू शकेल. क्षयाच्या जंतूला वाढीसाठी प्राणवायू भरपूर लागतो. आणि पेरूच्या उंच खेड्यांत क्षयाचा संसर्ग किनाऱ्याहून कमी आढळतो, हे अलीकडील पाहण्यांत दिसले आहे, जरी त्यात प्रखर ऊन आणि विरळ वस्ती यांचाही वाटा असला पाहिजे. ज्या हवेत कोंबडीचे पिलू जगत नाही म्हणून राजधानी उठली, त्याच हवेसाठी खोकणारी माणसे आगगाडीने 4,781 मीटरांवरील गालेराच्या बोगद्यातून, खिडक्या लावून आणि छातीशी हात धरून, हाउहाकडे उतरत असत.