बाजरीची पेर आणि जमिनीचा कस

कोरडवाहू मुलखातील शेतकऱ्याचे खरे पंचांग म्हणजे पावसाची नक्षत्रे. जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग, पुढे पंधरवड्याने आर्द्रा, जुलैच्या आरंभी पुनर्वसू. या क्रमावर त्याची बाजरी उभी असते. केव्हा पेरावे हा प्रश्न नक्षत्राचा आणि खत किती घालावे हा प्रश्न शास्त्राचा, अशी वाटणी सुशिक्षितांनी पुष्कळ काळ करून ठेवली. वस्तुतः हे दोन प्रश्न एकच आहेत.

इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ साली हिंदुस्थानात आले. त्यांचा अहवाल १८९३ साली प्रसिद्ध झाला. येथील रयत अडाणी आहे, हा समज त्यांनी खोडून काढला. शेण चुलीत जाते ते आळसामुळे नव्हे, सरपण मिळत नाही म्हणून. तेव्हा सरपण व चारा यांसाठी राने राखावीत, अशी त्यांची सूचना होती. बाजरीच्या मुलखाला हे विशेष लागू पडते. दाण्याबरोबर नत्र आणि स्फुरद शेताबाहेर जातात. पालाशाचा मोठा भाग सरमडात असतो. सरमड जनावरांच्या पोटी, शेण चुलीत! राख उकिरड्यावर पडली तर स्फुरद-पालाश थोडे परत येतात. नत्र मात्र धुरावाटे गेलेले असते.

पेरणीच्या वेळेचे मर्म उलगडण्यास आणखी साठ-पासष्ट वर्षे लागली. केनियातील मुगुगा येथे एच. एफ. बर्च हे संशोधक कोरडी माती भिजवून काय घडते ते पाहत होते. माती भिजताच तिच्यातील सूक्ष्म जीव एकाएकी जागे होतात, सेंद्रिय द्रव्य झपाट्याने कुजते आणि पिकास घेता येईल असे नत्र मोकळे होते. माती जितकी अधिक काळ कोरडी राहिलेली, तितका हा लोंढा मोठा. त्यांचा या विषयावरील निबंध १९५८ साली प्रसिद्ध झाला. उन्हाळाभर तापलेल्या रानावर पडणारा पहिला पाऊस म्हणजे जमिनीने स्वतःच घातलेले खत होय. परंतु हे नत्र टिकाऊ नाही; नायट्रेटच्या रूपाने ते पुढच्या सरींबरोबर खोल जाते, आणि हलक्या, मुरमाड जमिनीत तर फारच लवकर. वेळेवर पेरलेल्या पिकाच्या मुळ्या त्याला गाठतात. उशिरा पेरलेल्या बाजरीला ते लाभत नाही. शिवाय दिवस लहान होऊ लागल्याने ती पुरेशी वाढण्याआधीच निसवते. मग गोणीतले खत ही चुकलेली तिथी कितीशी भरून काढणार?

१९६५ साली लुधियानाच्या डी. एस. अठवाल यांनी ‘एच. बी. १’ हे संकरित वाण दिले. खताला भरघोस प्रतिसाद देणारी बाजरी प्रथमच शेतकऱ्याच्या हाती आली; सत्तरीच्या दशकाच्या आरंभी गोसावी रोगाने तिची मोठी हानी केली, हाही त्याच कथेचा भाग. वाणे पुढे बदलली, पण खत देण्याची रीत सर्वत्र रुळली. महाराष्ट्रात मध्यम जमिनीस हेक्टरी ५० किलो नत्र, २५ किलो स्फुरद, २५ किलो पालाश अशी शिफारस आहे आणि पेर १५ जून ते १५ जुलै या अवधीत सांगितली जाते. स्फुरद आणि पालाश पेरतानाच द्यावयाचे. नत्र मात्र निम्मेच. उरलेले निम्मे सुमारे महिन्याने, जमिनीत ओल असेल तर. ओल नसेल, तर ती गोणी घरातच राहते.