कण्यातील अर्बुदाच्या शस्त्रक्रियेतील ऑगमेंटेड रिॲलिटी

पाठीच्या कण्यातील अर्बुद काढताना मणक्यांची त्रिमितीय प्रतिमा रुग्णाच्या शरीरावरच दिसावी, यासाठी ऑगमेंटेड रिॲलिटी अर्थात संवर्धित वास्तवाचा वापर केला जातो. मेरुरज्जू व चेतामुळे अर्बुदापासून काही मिलिमीटरवरच असू शकतात. त्यांना इजा झाल्यास पक्षाघाताचा धोका असतो.

कार्यपद्धती

सीटी स्कॅनवरून प्रतिमा तयार करतात. रुग्णाच्या हाडाला जोडलेली खूण आणि शस्त्रक्रियेची उपकरणे यांचे स्थान कॅमेरा टिपतो. त्यानुसार शल्यचिकित्सकाने डोक्यावर घातलेल्या उपकरणातील पारदर्शक पडद्यावर प्रतिमा जागच्या जागी उमटते. त्यामुळे बाजूच्या पडद्याकडे वारंवार नजर वळवावी लागत नाही.

इतिहास

इस्रायलमध्ये स्थापन झालेल्या ऑगमेडिक्स कंपनीच्या एक्सव्हिजन प्रणालीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये मंजुरी दिली. जून २०२० मध्ये बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तिच्या साहाय्याने एका रुग्णाच्या कण्यातील कॉर्डोमा हे कर्करोगाचे अर्बुद काढण्यात आले.

मर्यादा

हाडावरील खूण हलल्यास प्रतिमा व प्रत्यक्ष शरीर यांचा मेळ बिघडतो. मऊ ऊतींमधील अर्बुदाच्या कडा सीटी स्कॅनमध्ये नेहमीच स्पष्ट दिसत नाहीत. त्यासाठी एमआरआयचा आधार घ्यावा लागतो. म्हणून शरीररचनेच्या ज्ञानाला हे तंत्र पूरक ठरते, पर्याय नव्हे.