दुकान कोणाचे, माल कोणाचा? ऑनलाइन बाजारपेठेच्या जबाबदारीचा भारतीय इतिहास

प्रस्तावना

नोव्हेंबर २००४ या एकाच महिन्यात भारतीय कायद्यापुढे दोन प्रश्न उभे राहिले. ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य' या खटल्यात निकाल दिला, की तयार स्वरूपात विकले जाणारे सॉफ्टवेअर हा 'माल' आहे. त्याच महिन्याच्या २७ तारखेला बाझी डॉट कॉम या मुंबईस्थित लिलाव-संकेतस्थळावर एक अश्लील चित्रफीत विक्रीसाठी आली.

वरवर पाहता या घटनांचा एकमेकींशी संबंध नाही. एक वाद विक्रीकराचा, दुसरा गुन्ह्याचा. पण डिजिटल वस्तू विकत घेणाऱ्या ग्राहकाचे दोन्ही मूळ प्रश्न त्यांत आहेत. हाताने न धरता येणारी वस्तू विकत घेतल्यावर ग्राहकाला नेमके काय मिळते? आणि ती जिथे विकली गेली, त्या बाजारपेठेच्या चालकाची जबाबदारी किती? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने गेल्या वीस वर्षांत बरेचसे दिले. पहिल्याचे उत्तर अजून अपुरे आहे. असे का झाले, हे या पाठात पाहू.

इंटरनेटपूर्वीची चौकट

१९३० च्या मालविक्री कायद्याचा पाया 'खरेदीदाराने स्वतः पारखून घ्यावे' हा होता. त्याला अपवाद होते, पण माल तपासण्याचे ओझे मुख्यतः गिऱ्हाइकावर होते. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हे ओझे हलके केले. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशा तीन पातळ्यांवर तक्रार ऐकण्याची व्यवस्था झाली. मात्र या कायद्यापुढचे दुकान विटामातीचे होते. विरुद्ध पक्ष जिथे राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा तक्रारीचे कारण जिथे घडले, तिथेच तक्रार करता येत असे. गुवाहाटीच्या ग्राहकाने बंगळुरूच्या विक्रेत्याकडून संगणकावर खरेदी केली, तर तक्रार कुठे करायची, हाच पहिला वाद होई.

बाझी प्रकरण आणि मध्यस्थाची ढाल

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी लागू झाला. त्याच्या कलम ७९ मध्ये सेवा पुरवणाऱ्याला मर्यादित संरक्षण होते. गुन्हा आपल्या नकळत घडला किंवा आपण योग्य दक्षता घेतली होती, हे त्याने सिद्ध करायचे. शिवाय हे संरक्षण त्या एका कायद्यापुरतेच होते.

बाझी प्रकरणात विक्रेता एक विद्यार्थी होता. पैसे भरणाऱ्याला चित्रफीत ई-मेलने मिळत होती. म्हणजे विकला जाणारा माल डिजिटल होता आणि संकेतस्थळ केवळ विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देत होते. २९ नोव्हेंबरला ती नोंद काढण्यात आली, पण डिसेंबरमध्ये कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी अवनीश बजाज यांना अटक झाली. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांच्यावरील भारतीय दंड संहितेखालचा खटला रद्द केला, पण माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा चालू ठेवला. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोही रद्द केला. कारण असे, की मूळ कंपनीलाच आरोपी केलेले नव्हते.

या अटकेने उद्योगजगत हादरले. २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि ती २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. 'मध्यस्थ' या व्याख्येत ऑनलाइन लिलाव-स्थळे आणि ऑनलाइन बाजारपेठा स्पष्टपणे आल्या. मजकुरात ढवळाढवळ न करणाऱ्या, दक्षता पाळणाऱ्या आणि बेकायदा बाब कळल्यावर ती हटवणाऱ्या मध्यस्थाला संरक्षण मिळाले. पाकिटातल्या मजकुरासाठी पोस्टमनला जबाबदार धरू नये, असा हा विचार होता.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. ज्या प्रकरणातून हा कायदा घडला, त्यात फसलेला ग्राहक कुठेच नव्हता. त्यामुळे आधी मध्यस्थाची ढाल तयार झाली आणि ग्राहकाचा विचार बऱ्याच नंतर झाला.

पोस्टमन की दुकानदार?

पुढच्या दशकात बाजारपेठा केवळ टपाल पोहोचवणाऱ्या राहिल्या नाहीत. त्या माल साठवू लागल्या, बांधणी करू लागल्या, जाहिरात करू लागल्या, पैसेही स्वीकारू लागल्या. २०१८ मध्ये ख्रिश्चन लुबुतँ यांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने म्हटले, की विक्रीत सक्रिय भाग घेणाऱ्या संकेतस्थळाला मध्यस्थाचे संरक्षण आपोआप मिळणार नाही. जानेवारी २०२० मध्ये ॲमेझॉन-ॲमवे वादात त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने उलट मत दिले. सक्रिय आणि निष्क्रिय असा भेद कलम ७९ मध्ये नाहीच, असे ते मत होते.

या वादाला ग्राहकाच्या बाजूने वळण दिले ते २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने. तो जुलै २०२० मध्ये लागू झाला. ई-कॉमर्सच्या व्याख्येत 'डिजिटल उत्पादने' हे शब्द प्रथमच आले. ग्राहकाला स्वतः राहत असलेल्या किंवा काम करत असलेल्या ठिकाणी तक्रार करण्याचा हक्क मिळाला, त्यामुळे गुवाहाटीच्या ग्राहकाची अडचण सुटली. २३ जुलै २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बाजारपेठेवर थेट कर्तव्ये टाकली. विक्रेत्याचे नाव-पत्ता दाखवायचा, तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचे. ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीतून गृहीत धरता येत नाही. २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी १३ 'डार्क पॅटर्न' निषिद्ध ठरवले. सहज सुरू होणारी, पण बंद करताना नाकी नऊ आणणारी वर्गणी त्यांपैकीच एक.

माल की परवाना?

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. जुलै २००९ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने जॉर्ज ऑरवेल यांच्या 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'ॲनिमल फार्म' या कादंबऱ्यांच्या काही प्रती ग्राहकांच्या किंडलमधून दुरूनच पुसून टाकल्या. विक्रेत्याकडे हक्क नसताना त्या विकल्या गेल्या होत्या. ग्राहकांना पैसे परत मिळाले आणि कंपनीने माफीही मागितली. पण एका शाळकरी विद्यार्थ्याने अभ्यासासाठी केलेली टिपणे निरुपयोगी झाली. विटामातीच्या दुकानदाराने रात्री घरात शिरून पुस्तक परत नेले असते, तर आपण त्याला चोरीच म्हटले असते.

२००४ च्या निकालातला माल डिस्कवर हाती येत होता. आजचे ई-पुस्तक, गेम किंवा अभ्यासक्रम अनेकदा 'परवाना' म्हणून विकला जातो. बटणावर 'विकत घ्या' असते आणि अटींमध्ये 'वापरण्याची मुभा'. सदोष माल परत घेण्याचा नियम अशा वस्तूला कसा लावायचा, हे ई-कॉमर्स नियम वेगळे सांगत नाहीत.

तरीही ग्राहक अगदीच रिकाम्या हाताचा नाही. २०१९ च्या कायद्यात 'अन्याय्य करार' ही नवी संकल्पना आहे. योग्य कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याची मुभा देणारी अट तिच्यात येते. मात्र अशी तक्रार जिल्हा आयोगात नव्हे, राज्य किंवा राष्ट्रीय आयोगात करावी लागते. तीनशे रुपयांच्या ई-पुस्तकासाठी राज्य आयोगापर्यंत कोण जाणार? हक्क आहे, पण वाट लांबची आहे.

समारोप

दुकानदार कोण, हे ठरवायला कायद्याला सुमारे दोन दशके लागली. माल कोणाचा, हे ठरणे बाकी आहे. पुढच्या डिजिटल खरेदीपूर्वी अटींचे पान उघडून 'मालकी' आणि 'परवाना' यांपैकी कोणता शब्द तिथे आहे, ते पाहावे.

विचारासाठी प्रश्न

१. बाझी प्रकरणात तक्रारदार फसलेला ग्राहक असता, तर २००८ ची दुरुस्ती वेगळी झाली असती का?
२. अन्याय्य कराराची तक्रार जिल्हा आयोगात करता यावी का? दोन्ही बाजू मांडा.