नुनावुत : करारातील आकडा आणि सरकारला विचारलेला जाब

१. १ एप्रिल १९९९ रोजी कॅनडाच्या नकाशावर एक नवा प्रदेश उमटला : नुनावुत, म्हणजे इनुइट लोकांच्या भाषेत 'आपली भूमी'. क्षेत्रफळ सुमारे २० लाख चौरस किलोमीटर, आणि लोकसंख्या मात्र एखाद्या तालुक्याच्या गावाइतकी. या प्रदेशाच्या सरकारी कचेऱ्यांत कोण बसणार आणि तिथला पैसा कोण तपासणार, या दोन प्रश्नांचा हा इतिहास. हे दोन्ही प्रश्न मुळात एकच होते, हे ध्यानात यायला काही वर्षे जावी लागली.

२. सुरुवात १९९३ च्या भूमी-करारापासून करावी लागते. या कराराने इनुइटांनी विस्तीर्ण प्रदेशावरील आपला परंपरागत हक्क सोडला. मोबदल्यात त्यांना सुमारे साडेतीन लाख चौरस किलोमीटर जमिनीची मालकी, एक अब्जाहून अधिक डॉलर आणि स्वतंत्र प्रादेशिक शासनाचे वचन मिळाले. म्हणजे करारातील प्रत्येक कलम ही दिलेल्या किमतीच्या बदल्यात मिळालेली वस्तू होती. ते कोणाचे औदार्य नव्हते.

३. त्यांतील कलम २३ नोकऱ्यांविषयी होते. सरकारी सेवेत इनुइटांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणाइतके असावे, असे उद्दिष्ट त्यात घातले होते. लोकसंख्येत इनुइट सुमारे ८५ टक्के. शिवाय हे प्रमाण शिपायापासून सचिवापर्यंत सर्व श्रेणींत अपेक्षित होते, आणि त्यासाठी प्रत्येक खात्याने योजना आखायची होती. स्थानिकांना प्राधान्य देण्याची आश्वासने अनेक सरकारे देतात. इथे मात्र मोजता येईल असा मापदंड होता. उणीव एकच : तो कधीपर्यंत गाठायचा, याची तारीख कुठेही नव्हती.

४. आता पैशाकडे वळू. नुनावुत सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे नऊ-दशांश भाग केंद्राकडून येतो. हिशेब तपासण्याचे काम कॅनडाच्या महालेखापरीक्षकांकडे असून त्यांचे अहवाल थेट नुनावुतच्या विधानसभेला सादर होतात. २००५ च्या अहवालाने आर्थिक व्यवस्थापनातील कमकुवतपणा दाखवला. २००७ मध्ये व्यवसायांना कर्जे देणाऱ्या सरकारी महामंडळाच्या नोंदींत आणि आर्थिक नियंत्रणात गंभीर त्रुटी आढळल्या.

५. या त्रुटींच्या मुळाशी पुन्हा नोकरभरतीच होती. प्रशिक्षित लेखापाल नाहीत, पदे रिकामी, दक्षिणेकडून आलेला माणूस एक-दोन वर्षांत परत जाणार. त्यात कामे एका राजधानीत न एकवटता अनेक वस्त्यांत वाटलेली, आणि त्या वस्त्यांना जोडणारा रस्ता नाही, प्रवास विमानानेच. ज्या कचेरीत माणूस टिकत नाही, तिथे हिशेबही टिकत नाही. स्थानिकांना घडवणे हा न्यायाचा प्रश्न होताच. तो काटेकोर कारभाराचाही प्रश्न ठरला.

६. जाब विचारण्याची पद्धतही इथली निराळी. नुनावुतच्या विधानसभेत राजकीय पक्ष नाहीत. निवडून आलेले सदस्यच आपल्यातून पंतप्रधान आणि मंत्री गुप्त मतदानाने निवडतात. उरलेले सदस्य मंत्र्यांपेक्षा संख्येने अधिक असतात आणि विरोधकांचे काम तेच करतात. त्यांची समिती लेखापरीक्षकांना आणि खात्यांच्या अधिकाऱ्यांना समोरासमोर बसवून राजधानी इकालुइत येथे जाहीर सुनावणी घेते.

७. तरीही आकडा हलेना. २००६ मध्ये मध्यस्थ म्हणून नेमलेले माजी न्यायाधीश थॉमस बर्जर यांनी अहवाल दिला : नुनावुत सरकारच्या सेवेत इनुइट सुमारे ४५ टक्के, आणि तेही बहुतांशी खालच्या पदांवर. कारण त्यांना शाळेत सापडले. मुले पहिल्या काही इयत्ता इनुक्तितुत भाषेत शिकत, मग एकाएकी इंग्रजीत ढकलली जात. दोन्ही भाषा अर्ध्या राहत. सुमारे तीन-चतुर्थांश मुले शालेय शिक्षण पूर्ण करण्याआधीच गळत. बर्जर यांचा निष्कर्ष असा, की भरतीचे नियम बदलून भागणार नाही. संपूर्ण शालेय शिक्षण द्विभाषिक करावे लागेल आणि त्यासाठी केंद्राने पैसा द्यावा लागेल.

८. केंद्राने शिक्षणाची ती शिफारस उचलली नाही. डिसेंबर २००६ मध्ये इनुइटांच्या वतीने कराराची अंमलबजावणी पाहणारी संस्था, नुनावुत तुंगाविक, न्यायालयात गेली. कराराचा भंग झाल्याचा दावा करून तिने केंद्राकडे १ अब्ज डॉलर मागितले. प्रदेशातील सामाजिक-आर्थिक स्थितीवर सतत नजर ठेवणारी यंत्रणा उभारण्याचे वचनही करारात होते. ते वेळेत पाळले नाही म्हणून न्यायालयाने २०१२ मध्ये केंद्राला दोषी धरले. २०१४ मध्ये अपील न्यायालयाने भरपाईची रक्कम रद्द केली, पण दोष कायम ठेवला.

९. मे २०१५ मध्ये, खटला पूर्ण चालण्याआधी, तडजोड झाली : २५.५५ कोटी डॉलर. यातील १७.५ कोटी इनुइटांच्या प्रशिक्षणासाठी नव्या महामंडळाला मिळाले. पैसा दंड म्हणून वाटला गेला नाही. ज्या उणिवेमुळे आकडा अडला होता, तिच्यावरच तो खर्च करायचे ठरले.

१०. त्यानंतरही सरकारी सेवेतील इनुइटांचे प्रमाण निम्म्याच्या आसपासच रेंगाळले. तेव्हा हा विजयाचा इतिहास म्हणता येत नाही. पण ८५ हा आकडा करारात नसता, तर ४५ टक्के ही 'बरी प्रगती' म्हणून खपून गेली असती. आकडा होता म्हणून लेखापरीक्षकाला तुलना करता आली, सदस्याला प्रश्न विचारता आला, संस्थेला न्यायालयात जाता आले. आणि तारीख नव्हती म्हणून प्रत्येक सरकारला 'प्रयत्न चालू आहेत' असे उत्तर देता आले. वचन मागताना किती हे लिहून घेतले जाते. कधीपर्यंत आणि मोजणार कोण, हेही तितक्याच आग्रहाने लिहून घ्यावे लागते.