तक्रार कुणाकडे करायची? घरच्या शुश्रूषेचा एक जुना प्रश्न

आजचा विषय इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. आजारी किंवा म्हाताऱ्या माणसाची सेवा करायला पैसे देऊन कुणाला तरी घरी ठेवलं, आणि ते काम नीट झालं नाही, तर तक्रार कुणी, कुणाकडे आणि कशी करायची? इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी ब्युरोची मावशी आज असेल, नाहीतर येऊन गेली असेल. तेव्हा विषय परका नाही.

आधी शब्दाकडे पाहू. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म गेला, ही खोड आता जायची नाही. 'तक्रार' हा शब्द मुळात अरबी, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ पुनरावृत्ती. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, ती तक्रार! कोकणात गाऱ्हाणं देवाला घालतात, आणि घालणारा मोकळ्या मनानं घरी जातो. माणसांच्या व्यवस्थेत ती सोय नाही. तिथं ऐकणारा कोण, हे आधी ठरवावं लागतं, आणि हे ठरवायलाच फार वर्षं गेलेली आहेत.

आपण १८५९ सालच्या लिव्हरपूलमध्ये जाऊ. विल्यम रॅथबोन नावाचा एक मोठा व्यापारी. त्याची पत्नी लुक्रेशिया आजारी होती आणि मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेनं घरी राहून तिची शेवटपर्यंत शुश्रूषा केली. पत्नी गेल्यावर रॅथबोनच्या मनात आलं की आपल्यासारख्या पैसेवाल्याला जर या बाईंचा एवढा आधार झाला, तर ज्यांच्या घरात काहीच नाही त्यांचं काय होत असेल? त्यानं त्याच बाईंना तीन महिन्यांसाठी गरिबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करायला नेमलं. महिनाभरातच बाई परत आल्या. हे दैन्य आपल्याच्यानं बघवत नाही, मोकळं करा, म्हणाल्या. त्यानं समजूत घातली, त्या टिकल्या, आणि त्या प्रयोगातून पुढं इंग्लंडमधली घरोघर जाणाऱ्या परिचारिकांची संघटित व्यवस्था उभी राहिली.

हा प्रसंग सगळे सांगतात तो रॅथबोनच्या दातृत्वासाठी. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. या व्यवस्थेच्या आरंभी जी तक्रार नोंदलेली दिसते, ती रुग्णाची नाही, सेवा करणाऱ्या बाईची आहे.

मग रुग्णाची तक्रार कुठं होती? लिव्हरपूल शहराचे विभाग पाडले गेले आणि एकेका विभागावर देखरेखीला सुखवस्तू घरातल्या बायका नेमल्या. त्या फिरत, पाहत, विचारपूस करत. पुढं १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा स्त्रियांनी जमवलेल्या वर्गणीतले ७०,००० पौंड या कामाला मिळाले आणि देशपातळीवरची संस्था झाली. तिनं तपासनीसही नेमले. पण हे सगळं वरून खाली पाहणं झालं. देखरेख आणि तक्रार यांत फरक आहे. देखरेखीत वरचा माणूस विचारतो, तक्रारीत खालचा माणूस आपणहून बोलतो. फुकट मिळणाऱ्या सेवेबद्दल गरिबानं कोणत्या तोंडानं बोलायचं?

रॅथबोनच्या त्या पहिल्या प्रयोगाच्या सुमारासच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचं शुश्रूषेवरचं छोटं पुस्तक निघालं. त्यात व्यवस्थापनावर एक प्रकरण आहे. त्याचा मुद्दा असा, की तुम्ही हजर असताना जे नीट होतं, ते तुम्ही नसतानाही होईल अशी तजवीज करणं हीच जबाबदारी. घरच्या शुश्रूषेची सगळी गोम इथं आहे. इस्पितळात शेजारच्या खाटेवरचा तरी पाहत असतो. घरात रात्री दोन वाजता कोण पाहतं?

कायद्याला हे उमगायला विसावं शतक उजाडून मावळायला आलं. ब्रिटनमध्ये स्थानिक प्रशासनाविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र तक्रार-आयुक्त, ज्याला ऑम्बुड्समन म्हणतात, तो १९७४ च्या कायद्यानं आला. १९९० च्या कायद्यानं समाजसेवा खात्यांना तक्रारीची रीतसर पद्धत ठेवणं भाग पडलं. यात एक गंमत होती. ज्यांची सेवा नगरपालिका देत होती त्यांना आयुक्ताकडे जाता येई, पण जे स्वतःच्या खिशातून खाजगी संस्थेला पैसे मोजत होते त्यांना २०१० पर्यंत ते दार बंद होतं. म्हणजे ज्यानं जास्त पैसे मोजले, त्याचं ऐकायला कुणी नाही.

आणि दार उघडून तरी काय? २०११ मध्ये तिथल्या समता आणि मानवी हक्क आयोगानं घरच्या सेवेची मोठी चौकशी केली. समाधानी लोक पुष्कळ भेटले. पण ज्यांची हेळसांड झाली होती, त्यांतले अनेक बोललेच नव्हते. उद्या पुन्हा त्याच बाईच्या हातून आंघोळ करायची आहे, मग कशाला? शिवाय काहींना त्या बाईची नोकरी जाईल याचंही वाईट वाटत होतं.

आपल्याकडे पुण्यात १९०९ साली सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानडे यांनी बायकांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळवलं, तेव्हा मुळात परक्या माणसाला हात लावणं यावरच चर्चा चालत. दर्जाची तक्रार फार पुढची. ती वाट उघडली १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं, आणि १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं वैद्यकीय सेवा त्यात आणली. न्यायालयानं एक बारीक भेद केला. मालक आणि नोकर असं नातं असेल तर तो चाकरीचा करार, तो या कायद्याबाहेर. व्यावसायिकाकडून सेवा घेतली तर ती कायद्यात. म्हणजे बाई तुम्ही थेट ठेवली तर ग्राहक आयोगाचं दार बंद, ब्युरोला पैसे दिले तर दाद मागायला वाव. पण पावती आहे का? ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात घरी सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते मंजूर न होता ती लोकसभाच संपली.

आता थोडं घरचं. आमची थोरली बहीण, आक्का, अर्धांगानं दोन वर्षं अंथरुणावर होती. रात्रीची बाई झोपून जायची आणि आक्का पहाटेपर्यंत ओल्यात पडून राहायची. हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं, तेही आक्कानं सांगितलं नाही, चादरी धुणाऱ्या बाईंनी सांगितलं. आम्ही तावातावानं ब्युरोला फोन केला. "काका, उद्या दुसरी पाठवतो." दुसरी आली. पहिलीला कुणी काही विचारलं नाही, आम्हीही नाही. दोन महिन्यांनी ती बसथांब्यावर भेटली. दिवसा आठ ते आठ दुसऱ्या घरी, रात्री आठ ते आठ आमच्याकडे, असं तिचं चाललेलं होतं, आणि ब्युरोला ते ठाऊक होतं. नीतिशास्त्र शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायचं सुचलं नव्हतं.

आक्काला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, "म्हणूनच मी बोलले नव्हते."

नंतर आम्ही पलंगाच्या दांडीला शंभरपानी वही बांधली. कूस किती वाजता बदलली, पाणी किती गेलं, औषध कोणतं दिलं. आणि मागच्या पानांवर ज्याला जे खुपतं ते लिहायचं, आक्कानं सांगितलं तर भाचीनं लिहायचं, मावशींनीही लिहायचं. त्या पानांवरची पहिली तक्रार मावशींची होती, आमच्याविरुद्ध. पलंग फार खाली आहे, उचलताना कंबर धरते, आणि रात्री खायला काही ठेवलेलं नसतं.

पलंगाखाली लाकडी ठोकळे त्याच आठवड्यात लावले. आता तुमचे प्रश्न घेऊ.